जीप आणि स्कॉर्पिओ: एकाच चासीवरची दोन युगे

नाशिक जिल्ह्यात एखाद्या बागाइतदाराच्या अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसल्या तर नवल वाटत नाही. एक आजोबांच्या काळातली महिंद्राची जीप, ताडपत्रीचा हुड असलेली. दुसरी वडिलांनी हौसेने घेतलेली पहिल्या पिढीतली स्कॉर्पिओ. दोन्हींवर कंपनीचे नाव एकच. पण एकीचा आराखडा १९४० च्या अमेरिकेत जन्मला आणि दुसरीचा १९९० च्या दशकात नाशिकमध्ये. या दोघींची तुलना बहुतेक वेळा वेग, ताकद आणि मायलेज यांवर येऊन थांबते. त्यापलीकडे पाहिले तर गाडी बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञान पन्नास वर्षांत कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, याचा इतिहास या दोन गाड्यांत वाचता येतो. तो इतिहास मला त्यांच्या अश्वशक्तीपेक्षा मोलाचा वाटतो.

युद्धातून शेतात

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी गाडी हवी होती. १९४० च्या उन्हाळ्यात लष्कराने मागणी नोंदवली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि गाडी मुदतीत पोचली. पण बँटमकडे मोठे उत्पादन करण्याची ताकद नव्हती. विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलिसच्या गाडीचा कस तिच्या इंजिनात होता. बार्नी रूस या मुख्य अभियंत्याने एका जुन्या, साध्या इंजिनाचे भाग एकेक करून सुधारले आणि २१९९ सीसीच्या चार सिलिंडरमधून ६० अश्वशक्ती काढली.

युद्ध संपल्यावर विलिसने हीच गाडी शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. भारतात ती आणली महिंद्रा बंधूंनी. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे नाव आधी ‘महिंद्रा अँड मुहंमद’ होते. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. सुरुवातीला जीपचे सुटे भाग पेट्यांमधून यायचे आणि मुंबईत माझगावला त्यांची जुळणी व्हायची. पुढे १९५० च्या दशकात विलिसशी करार होऊन इथेच भाग बनवण्याचे काम सुरू झाले.

भारतात सर्वाधिक रुजले ते सीजे-३बी हे मॉडेल. अमेरिकेत ते १९५३ मध्ये आले आणि १९६८ मध्ये बंद झाले. भारतात त्याच साच्यातली जीप, वेगवेगळ्या नावांनी आणि फेरफारांनी, पुढे कित्येक दशके बनत राहिली. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती, नव्या मॉडेलसाठी परवाना मिळणे अवघड होते, आणि खडीच्या रस्त्यावर, शेताच्या बांधावर चालेल अशी दुसरी गाडी जवळपास नव्हतीच.

उंच बॉनेटचे कारण

सीजे-३बी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तिचे उंच बॉनेट. ही उंची सौंदर्यासाठी आलेली नाही, ती इंजिनाच्या गरजेतून आली. युद्धकाळातल्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ब्लॉकमध्ये असत. अशा रचनेत इंजिन बुटके राहते, पण हवा वळसा घेऊन आत जाते आणि ताकद मर्यादित राहते. विलिसने हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि धुराचा खालीच ठेवला. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला, ताकद सत्तर अश्वशक्तीच्या वर गेली. मात्र इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेटच वर उचलले. भारतीय जीपचा जो चेहरा आपल्या मनात ठसला आहे, तो एका व्हॉल्व्हने जागा बदलल्यामुळे घडला.

सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ती आज एखाद्या छोट्या मोटारीतही असते. मग जीप चिखलातून आणि चढावरून कशी निघते? उत्तर गिअरमध्ये आहे. या इंजिनाचा पिस्टन लांब अंतर वर-खाली जातो, त्यामुळे मिनिटाला जेमतेम दोन हजार फेऱ्यांवरच त्याची ओढ सर्वाधिक असते. त्यात जीपला दुसरी गिअरपेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिचा ‘लो’ गिअर टाकला की वेग जवळपास अडीच पट कमी होतो आणि ओढ तितकीच वाढते. मूळ सीजे-३बीत पहिला गिअर, ‘लो’ आणि मागच्या क्राउन-पिनियनचे दात, हे तिन्ही एकत्र धरले तर इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. चाक सावकाश फिरते, पण सगळा जोर जमिनीला देते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात सरकारी जीपच पोचायची, यामागे हे गणित होते.

या सोयीची किंमत चालवणारा मोजत असे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मधे ॲक्सिलरेटर देऊन, दातांचा वेग जुळवून घ्यावा लागे. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना लोखंडी पाटे. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की त्याच ॲक्सलवरचे दुसरे चाकही तिरके होई आणि धक्का थेट पाठीत बसे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगला हातांशिवाय मदत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अवघे ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. शेताच्या वळणावर हे वरदान, पण कसारा घाट उतरताना चालकाला दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष स्टिअरिंगवर ठेवावे लागे.

मिस्त्रीची गाडी

जीपचे खरे वैभव गॅरेजमध्ये कळते. तिचे पत्रे जवळपास सपाट. मडगार्ड वाकले तर हातोडीने सरळ करता येते, अख्खा पत्रा खराब झाला तर नवा कापून जोडता येतो. इंजिनाभोवती इतकी मोकळी जागा की दोन माणसे दोन बाजूंनी हात घालू शकतात. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, इंधनाचा पंप हे सगळे डोळ्यांना दिसते आणि पान्ह्याने उघडते. बिघाड कशात आहे हे आवाजावरून, वासावरून, धुराच्या रंगावरून ओळखणारे मिस्त्री जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारपेठेत तयार झाले. त्यांच्याकडे कंपनीचे पुस्तक नव्हते. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करून ते शिकले.

या ज्ञानाची मोठी परीक्षा १९७० च्या दशकात झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोलवरची जीप परवडेनाशी झाली. महिंद्राने जीपला डिझेल इंजिन द्यायला सुरुवात केली. त्यातला नाशिक जिल्ह्याशी जोडलेला टप्पा म्हणजे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रज्ञानावरचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० इंजिन. ते इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. गाडीच्या नावापुढचे ‘डीपी’ म्हणजे डिझेल प्यूजो, हे काळी-पिवळी टॅक्सी चालवणाऱ्या प्रत्येक चालकाला पाठ होते. गावोगावच्या गॅरेजमध्ये तर जुन्या पेट्रोल जीपमधले इंजिन काढून डिझेल बसवण्याचे कामच सुरू झाले. इंजिन बसवण्याचे पाय नव्याने वेल्ड करायचे, क्लचचा जोड जमवायचा, रेडिएटर बदलायचा, एवढे सगळे आराखड्याच्या कागदाशिवाय पार पडे. जीपचा आराखडा तयार अवस्थेत परदेशातून आला होता खरा, पण तिचे अर्धे आयुष्य आपल्या मिस्त्रींनी नव्याने रचले.

नाशिकने स्वतः आखलेली गाडी

स्कॉर्पिओची गोष्ट वेगळ्या प्रश्नापासून सुरू होते. १९९१ नंतर बाजार खुला झाला. टाटांची सुमो १९९४ मध्ये आली, सफारी १९९८ मध्ये, टोयोटाची क्वालिस २००० मध्ये. महिंद्राच्या त्या वेळच्या गाड्या, आर्माडा असो की मार्शल, जीपच्याच वंशातल्या होत्या. पत्रा बदलला, आसने बदलली, तरी मूळ तेच. दरम्यान फोर्डबरोबरच्या भागीदारीत १९९६ पासून एस्कॉर्ट ही मोटार महिंद्राच्या नाशिक कारखान्यात जुळवली जाऊ लागली होती. जागतिक दर्जाची मोटार कशी जुळवतात, दारांच्या फटी किती मिलिमीटरच्या ठेवतात, रंगाची तपासणी कशी करतात, हे त्यानिमित्ताने जवळून पाहता आले.

नव्या गाडीच्या कामाची धुरा संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. पवन गोएंका यांच्याकडे होती. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून ते १९९३ मध्ये महिंद्रात आले होते आणि हा विभाग नाशिकमध्ये होता. सुमारे १२० तरुण अभियंत्यांच्या चमूने गाडी आखली. प्रकल्पाचा खर्च सुमारे ५५० कोटी रुपये झाला. पाश्चात्त्य कंपन्या नव्या गाडीसाठी जो पैसा ओततात, त्याच्या मानाने ही रक्कम फार लहान होती. एवढ्यात भागले कसे? या चमूने गाडीचा प्रत्येक भाग स्वतः बनवण्याचा हट्ट सोडला. आसने, वातानुकूलन, ब्रेक, वायरिंग अशा पूर्ण प्रणाली त्या त्या कामातल्या पुरवठादारांकडे सोपवल्या, त्यांनाच आराखड्यापासून सोबत घेतले. आपल्या हातात ठेवले ते गाडीचे स्वरूप, तिची बांधणी, सगळ्या भागांची जुळवणूक आणि किंमत. प्रकल्पाचे अंतर्गत नावच पुढे गाडीला मिळाले. २० जून २००२ रोजी स्कॉर्पिओ बाजारात आली.

तिच्या तांत्रिक बाजूकडे पाहू. पहिल्या डिझेल स्कॉर्पिओत २६०९ सीसीचे टर्बो इंजिन, सुमारे १०९ अश्वशक्तीचे. पेट्रोलसाठी रेनॉचे दोन लिटरचे इंजिन. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारे छोटे पाते. ते ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जीपच्या इंजिनाने व्हॉल्व्हची जागा बदलून जे साधले, मोकळा श्वास, तेच स्कॉर्पिओने पंप लावून कितीतरी पट साधले. पुढची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर, म्हणजे एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळत नाही. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, वातानुकूलन. चाकांतले अंतर २६८० मिलिमीटर, जीपपेक्षा जवळपास साडेसहाशे मिलिमीटर जास्त. मुंबई-नाशिक रस्त्यावर वेगात असताना गाडी जीपसारखी हेलकावत नाही, यात या वाढीव अंतराचा मोठा वाटा आहे.

दोघींमधला समान धागा

एवढ्या फरकांत एक गोष्ट दोघींची सारखी राहिली: चासी. आडवी ठेवलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, ॲक्सल, सस्पेन्शन सगळे या शिडीला बांधायचे आणि वर पत्र्याची बॉडी बोल्टने बसवायची. मारुती ८०० सारख्या मोटारीत अशी वेगळी चासी नसते, तिथे बॉडी हाच सांगाडा असतो. तशी गाडी हलकी होते आणि कमी इंधन खाते. पण खराब रस्त्यावर जादा वजन घेऊन चालताना येणारा पीळ शिडीची चासी जास्त समर्थपणे सोसते, आणि एकाच चासीवर जीप, पिकअप, प्रवासी गाडी अशी वेगवेगळी बॉडी चढवता येते. नाशिकच्या चमूने सगळे नवे आखले, पण ही रचना विचारपूर्वक ठेवली. आपले रस्ते आणि आपले ग्राहक यांना काय लागते, याचे उत्तर जीपने पन्नास वर्षे दिलेच होते.

ज्ञान कुठे सरकले

आता दोन्हींचे बॉनेट उघडून पाहा. जीपच्या सपाट पत्र्याच्या जागी स्कॉर्पिओत वळणदार, दाबून घडवलेला पत्रा आहे. असा पत्रा घडवायला प्रचंड प्रेस आणि नर-मादी डाय लागतात. डाय बनवायला कोट्यवधी रुपये पडतात, म्हणून हजारो गाड्या विकल्या तरच ते परवडते. वाकलेले दार हातोडीने पूर्ववत करणे अवघड, बदलणे सोपे. पत्र्याचे ज्ञान गॅरेजमधून डायच्या कारखान्यात गेले.

इंजिनाचेही तसेच झाले. २००५ मध्ये स्कॉर्पिओत कॉमन रेल इंजिन आले. आधीच्या डिझेल इंजिनात पंप स्वतःच प्रत्येक सिलिंडरला मोजून इंधन ढकलायचा. कॉमन रेलमध्ये एका सामाईक नळीत इंधन हजार बारहून जास्त दाबाने साठवले जाते. टायरमधली हवा दोन-अडीच बारची असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. कोणता नोझल कोणत्या क्षणी किती उघडायचा, हे संगणक ठरवतो. इंधन बारीक तुषारांत जाते, नीट जळते, धूर आणि आवाज कमी होतो. प्रदूषणाचे नियम जसजसे कडक होत गेले, तसतसा हा मार्ग सक्तीचा झाला. एप्रिल २०२० पासून लागू झालेली बीएस-६ मानके तर संगणकाशिवाय पाळताच येत नाहीत. आता बिघाड शोधायला कानांच्या जोडीला स्कॅनर लागतो आणि नोझल उघडायला धूळमुक्त खोली लागते.

याला केवळ ऱ्हास म्हणणे अन्याय होईल. मिस्त्रीच्या हातून सुटलेले ज्ञान हवेत विरले नाही, त्यातले बरेच नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत स्थिरावले. मायको, म्हणजे आजची बॉश, सातपूरला १९७० च्या सुमारापासून डिझेलचे नोझल बनवते. नाशिकमधल्या मायको सर्कलला जिच्यामुळे नाव मिळाले, त्याच कंपनीच्या शाखेत पुढे कॉमन रेलचे काम आले. इगतपुरीत इंजिन, सातपूरला नोझल आणि गाडी, आसपास शेकडो छोटे पुरवठादार. ज्या जिल्ह्यातल्या गॅरेजने जीपमध्ये डिझेल बसवले, त्याच जिल्ह्यातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेली मुले या कारखान्यांत मायक्रॉनच्या हिशेबाने काम करू लागली.

तरी काही गमावलेही. जीपचा मालक आपल्या गाडीला पुरता ओळखत असे. स्कॉर्पिओचा मालक तिच्यावर प्रेम करतो, पण तिच्या आत काय चालते हे त्याला सहसा माहीत नसते. रस्त्यात बंद पडलेली जीप तारेच्या तुकड्याने घरापर्यंत आणता येई, सेन्सर बिघडलेली नवी गाडी टो करूनच न्यावी लागते. सुरक्षा, आराम आणि स्वच्छ हवा यांच्या बदल्यात आपण हे स्वावलंबन दिले. सौदा मला योग्य वाटतो, पण तो सौदा होता याची जाणीव ठेवावी.

जपायचे काय?

जुन्या स्कॉर्पिओची परंपरा अजून खंडित झालेली नाही. जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन हे पूर्ण नवे मॉडेल आले आणि त्यापाठोपाठ जुने मॉडेल ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ या नावाने, २.२ लिटरच्या १३२ अश्वशक्तीच्या इंजिनासह चालू ठेवण्यात आले. तिकडे जीपच्या वळणाची थार नाशिकच्याच कारखान्यात बनते. दोन्ही घराण्यांचा वारसा एकाच शहरात नांदतो आहे.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसाठी नेता येते. एक अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे. जीपच्या बाबतीत इथे पेच पडतो. ज्या जीप खरोखर राबल्या, त्यांतल्या असंख्य गाड्यांचे इंजिन केव्हाच डिझेलचे झाले, पत्रे बदलले, चासीला टाके पडले. मूळ स्वरूपात राहिलेल्या जीप मौल्यवान आहेतच. पण आपल्या इतिहासाच्या दृष्टीने बदललेली जीप अधिक बोलकी आहे, कारण तिच्यावर आपल्या लोकांच्या हातांची कामगिरी नोंदलेली आहे.

म्हणून नाशिकने या दोन गाड्यांसाठी काही ठोस करावे असे मनापासून वाटते. या शहराने देशाला एक पूर्ण गाडी आखून दिली. तिचे पहिले नमुने, चाचणीच्या नोंदी, मातीत आणि लाकडात घडवलेली प्रारूपे एखाद्या औद्योगिक संग्रहालयात सर्वांना पाहायला मिळावीत. तिच्या शेजारी एक डिझेल बसवलेली, डागडुजी केलेली जीप तशीच उभी करावी, रंगरंगोटी करून तिचे टाके लपवू नयेत. आणि सर्वांत निकडीचे काम म्हणजे जीपच्या काळातले जे मिस्त्री आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्याकडून इंजिन बदलण्याच्या, पाटे बांधण्याच्या, आवाजावरून बिघाड ओळखण्याच्या पद्धती चित्रफितींत आणि लेखी नोंदवून घ्याव्यात. हे काम अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून करू शकतात, त्याला मोठा निधी लागत नाही. स्कॉर्पिओचा आराखडा कंपनीच्या संगणकात सुरक्षित आहे. जीपचा भारतीय आराखडा मात्र या मिस्त्रींच्या स्मरणात आहे, आणि तो उतरवून घ्यायला थोडीच वर्षे उरली आहेत.